सूर्यग्रहणाचा साक्षी : सर आर्थर एडिंग्टन

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा त्यांच्या यशासाठी वाचतो. त्यांनी कोणती संकटे सोसली, कोणता मान मिळवला, जगाला काय दिले, याची गणती करून आपण पुस्तक मिटतो. परंतु काही चरित्रे अशी असतात की त्यांतील यश जितके शिकवते, तितकीच त्यांतील चूकही शिकवून जाते. विख्यात ब्रिटिश गणिती व खगोलभौतिकशास्त्रज्ञ सर आर्थर स्टॅन्ली एडिंग्टन यांचे चरित्र या प्रकारचे आहे. प्रस्तुत लेखक भाषेचा शिक्षक असल्यामुळे एडिंग्टन यांच्या गणिताच्या खोल पाण्यात उतरण्याचे धाडस तो करणार नाही. परंतु ज्याने एकदा साऱ्या जगाच्या रोषाला न जुमानता सत्याची परीक्षा घेतली, त्याच्याच हातून पुढे एका तरुण भारतीयावर अन्याय कसा घडला, ही कथा समजण्यास गणित लागत नाही.

एडिंग्टन यांचा जन्म २८ डिसेंबर १८८२ रोजी इंग्लंडच्या उत्तर भागातील केंडल या गावी झाला. वडील तेथील एका शाळेचे मुख्याध्यापक होते. घराणे क्वेकर पंथाचे. या ख्रिस्ती पंथात डामडौल नाही, साधी राहणी व मौन प्रार्थना यांवर भर असतो. आणि कोणत्याही कारणासाठी शस्त्र हाती न धरणे हे त्याचे मोठे व्रत. आर्थर दोन वर्षांचा होण्यापूर्वीच, १८८४ मध्ये, विषमज्वराच्या साथीत वडील वारले. आई सारा अ‍ॅन दोन लेकरांना, आर्थर आणि त्याची थोरली बहीण विनिफ्रेड यांना घेऊन दक्षिणेकडे वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावी येऊन राहिली. उत्पन्न बेताचे, सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले.

मुलाला आकड्यांचे विलक्षण वेड होते. नीट वाचता येण्यापूर्वीच त्याने चोवीसपर्यंतचे पाढे चोवीस पटींपर्यंत मुखोद्गत केले होते. आपल्याकडे जुन्या पंतोजींनी पावकी-निमकी म्हणणाऱ्या मुलाची पाठ थोपटावी, तसेच हे उदाहरण. बायबलात एकंदर अक्षरे किती, हे मोजण्याचाही त्याने उपक्रम आरंभला होता. दहाव्या वर्षाच्या सुमारास एक लहानशी दुर्बीण काही दिवस वापरावयास मिळाली, आणि आकड्यांच्या वेडाला आकाशाच्या वेडाची जोड लाभली. मोठमोठ्या संख्या आणि आकाश, या दोहोंनी त्यांची आयुष्यभर सोबत केली.

सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच, १८९८ मध्ये, साठ पौंडांची शिष्यवृत्ती मिळवून आर्थर मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात दाखल झाला. तेथे आर्थर शूस्टर व होरेस लँब यांच्यासारखे नामांकित गुरू लाभले. १९०२ मध्ये पदवी घेऊन, पुन्हा शिष्यवृत्तीच्याच बळावर, तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. पितृहीन मुलाचे सारे शिक्षण अशा रीतीने स्वतःच्या बुद्धीच्या कमाईवर झाले.

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात, आणि त्या काळी त्यांतील पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला सीनिअर रँग्लर ही पदवी मिळे. मराठी वाचकांना हा शब्द परका नाही. कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ मध्ये हा मान मिळवला आणि तेव्हापासून ते महाराष्ट्रात रँग्लर परांजपे याच नावाने ओळखले गेले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९०४ मध्ये, एडिंग्टन सीनिअर रँग्लर झाले. विशेष हे की, ते अद्याप दुसऱ्याच वर्षाला होते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हा मान मिळवल्याचे उदाहरण त्यापूर्वी नव्हते.

१९०६ मध्ये ग्रीनिचच्या राजकीय वेधशाळेत मुख्य सहायकाची जागा त्यांना मिळाली. तेथे सात वर्षे त्यांनी ताऱ्यांची स्थाने व गती मोजण्याचे चिकाटीचे काम केले. १९१२ मध्ये सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी ते ब्राझीलला गेले. परंतु ऐन वेळी पाऊस कोसळला आणि सारी मोहीम वाया गेली. हा अनुभव पुढे कामी येणार होता. १९१३ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, केंब्रिज विद्यापीठातील प्लूमियन प्राध्यापकाचे मानाचे पद त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी ते केंब्रिज वेधशाळेचे संचालक झाले आणि आई व बहीण यांच्यासह वेधशाळेच्या आवारातील घरात राहू लागले. एडिंग्टन यांनी विवाह केला नाही. हेच घर त्यांनी अखेरपर्यंत आपले मानले.

त्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले. इंग्लंडात जर्मनीविषयी इतका द्वेष उसळला की जर्मन शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहारही नको, असे विद्वान माणसे म्हणू लागली. या वातावरणात १९१५ च्या अखेरीस बर्लिनमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी आपला व्यापक सापेक्षता सिद्धांत मांडला. शत्रूच्या राजधानीतील हे लिखाण लंडनला थेट पोहोचणे शक्य नव्हते. हॉलंड देश मात्र युद्धापासून अलिप्त होता. तेथील ज्योतिर्विद विलेम डी सिटर यांनी या सिद्धांताची माहिती रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे धाडली. सोसायटीचे चिटणीस त्या वेळी एडिंग्टन होते. हाती आलेले कागद त्यांनी बाजूला सारले असते, तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी ते अवघड गणित आत्मसात केले आणि १९१८ मध्ये त्यावर इंग्रजीतील पहिला सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

इकडे सरकारने १९१६ पासून सैन्यभरती सक्तीची केली होती. विद्यापीठाने एडिंग्टन यांचे काम राष्ट्रहिताचे म्हणून त्यांना सूट मिळवून दिली. पण १९१८ मध्ये ती रद्द होण्याची वेळ आली. सूट पुन्हा मिळावी म्हणून मित्रांनी खटपट केली. एडिंग्टन यांनी सही करून अर्ज परत करावा, एवढेच उरले होते. त्यांनी सही केली, आणि खाली स्वतःच्या हाताने एक पुस्ती जोडली : शास्त्रीय कामाच्या कारणाने सूट मिळाली नाही, तरी सदसद्विवेकबुद्धीच्या कारणाने आपण ती मागणारच. या एका पुस्तीने साऱ्या खटपटीवर पाणी पडले. युद्धाला नकार देणाऱ्यांना त्या दिवसांत भित्रे व देशद्रोही समजत. पंथाचे अनेक बांधव छावण्यांत बटाटे सोलण्यासारखी कामे करीत होते. त्यांच्यात जाऊन बसण्यास एडिंग्टन यांची मुळीच हरकत नव्हती. आपल्या बुद्धीच्या मोठेपणाची ढाल करून अंतःकरणाची साक्ष लपविणे मात्र त्यांना मान्य नव्हते.

अखेर राजज्योतिषी सर फ्रँक डायसन मध्ये पडले. २९ मे १९१९ रोजी खग्रास सूर्यग्रहण होणार होते. त्याचे वेध घेण्याच्या मोहिमेची तयारी एडिंग्टन यांनी करावी, या अटीवर त्यांना सूट मिळाली. एका इंग्रज शांतताव्रत्याची सक्तीच्या सैन्यभरतीतून सुटका झाली ती एका जर्मन राजधानीतील शास्त्रज्ञाच्या सिद्धांताची परीक्षा घेण्यासाठी, हा योगायोग विलक्षणच म्हणावयाचा.

ही परीक्षा कोणती? आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतानुसार सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाशकिरण सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे किंचित वाकला पाहिजे. त्यामुळे तो तारा आपल्या नेहमीच्या जागेपासून किंचित सरकलेला दिसला पाहिजे. सूर्याच्या कडेला हे सरकणे १.७५ विकला इतके असावे, असे त्यांचे गणित होते. न्यूटन यांच्या नियमावरून हिशेब केला तर उत्तर याच्या निम्मे येई. एका अंशाच्या ३६०० व्या भागाला विकला म्हणतात. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे सुमारे तीन किलोमीटरवर ठेवले, तर ते डोळ्यांशी जेवढा कोन करील तेवढे हे माप! सूर्य तळपत असताना त्याच्या शेजारचे तारे दिसत नाहीत. ते दिसावयाचे तर खग्रास ग्रहणच हवे. शिवाय सूर्याभोवती ठळक तारेही हवेत. आपल्या पंचांगाप्रमाणे मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात असतो, हे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. या रोहिणीच्या परिसरातच हायडीज नावाचा ठळक ताऱ्यांचा पुंज आहे. म्हणून २९ मेचे ग्रहण या कामासाठी अत्यंत अनुकूल होते.

दोन तुकड्या निघाल्या. क्रोमेलिन व डेव्हिडसन हे ब्राझीलमधील सोब्राल गावी गेले. एडिंग्टन आणि घड्याळे बनविण्यात निष्णात असलेले कॉटिंगहॅम हे लिस्बनमार्गे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळील प्रिन्सिप बेटावर गेले. हे चिमुकले बेट त्या काळी आपल्या गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज अंमलाखाली होते. १९७५ मध्ये ते स्वतंत्र झाले. तेथील सुंदी नावाच्या कोकोच्या मळ्यात दुर्बीण उभारण्यात आली. दमट हवा, डासांचा उपद्रव आणि दाट झाडी, या साऱ्यांतून तयारी चालली होती.

ग्रहणाचा दिवस उजाडला तो गडगडाट व मुसळधार पाऊस घेऊनच. सात वर्षांपूर्वीची ब्राझीलची आठवण एडिंग्टन यांना झाली नसेल, असे कसे म्हणावे? दुपारी पाऊस थांबला, पण ढग हटेनात. ग्रहण लागले, सूर्याची कोर ढगांतून अंधुक दिसू लागली. खग्रास अवस्था अवघी ३०२ सेकंद टिकणार होती. एडिंग्टन एकामागून एक छायाचित्राच्या काचा बदलीत राहिले. ज्या ग्रहणासाठी हजारो मैलांचा प्रवास केला, ते डोळे भरून पाहण्यास त्यांना सवडही मिळाली नाही. ढग किती आहेत हे पाहण्यासाठी एकदोनदा मान वर केली, तेवढेच. एकंदर १६ काचा घेतल्या. ढग विरळ झाले ते शेवटी शेवटी. उपयोगी पडाव्यात अशा दोनच काचा निघाल्या आणि त्यांवर पाच तारे उमटले होते.

या काचांवर ताऱ्यांचे सरकणे मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे होते. ते मोजून प्रिन्सिपचे उत्तर आले १.६१ विकला, सोब्रालच्या उत्तम दुर्बिणीचे आले १.९८. सोब्रालच्याच दुसऱ्या दुर्बिणीचे उत्तर मात्र न्यूटनच्या बाजूचे होते. परंतु उन्हाच्या तापाने तिच्या आरशात बिघाड झाला होता आणि ताऱ्यांच्या प्रतिमा अस्पष्ट आल्या होत्या, म्हणून ते बाजूला ठेवण्यात आले. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनच्या विद्वत्सभेत निकाल जाहीर झाला आणि एका रात्रीत आइन्स्टाइन यांचे नाव जगाच्या तोंडी झाले. युद्ध संपून पुरते एक वर्षही लोटले नव्हते. एडिंग्टन यांनी आपल्याला हवा तोच निकाल उचलला, असा आक्षेप पुढे काहींनी घेतला. परंतु १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रहणाच्या वेळी अमेरिकन ज्योतिर्विदांनी घेतलेल्या वेधांनी आइन्स्टाइन यांचेच गणित खरे ठरवले; आणि १९७९ मध्ये सोब्रालच्या जुन्या काचा नव्या यंत्राने पुन्हा मोजल्या, तेव्हा त्या नाकारलेल्या काचांचे उत्तरही आइन्स्टाइन यांच्याच बाजूला झुकले.

यानंतरचा काळ एडिंग्टन यांच्या कीर्तीचा मध्यान्ह होता. तारा म्हणजे तप्त वायूचा प्रचंड गोळा. त्याचा स्वतःचा भार त्याला आत ओढतो; आतील वायूचा व प्रकाशाचा दाब त्याला बाहेर ढकलतो. या दोहोंचा तोल साधला आहे म्हणूनच तारा टिकून आहे, हे त्यांनी गणिताने दाखवून दिले. जितका तारा भारी, तितका तो अधिक तेजस्वी, हा वस्तुमान व तेज यांचा संबंध त्यांनी १९२४ मध्ये मांडला. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेला ताऱ्यांच्या अंतरंगावरील त्यांचा ग्रंथ या शास्त्राचा पाया समजला जातो.

सूर्य कशावर जळतो, हे त्या काळचे मोठे कोडे होते. सूर्य नुसता आकुंचन पावून उष्णता देत असेल, तर तो काही कोटी वर्षेच टिकेल. पण पृथ्वीवरील खडक तर त्याहून कितीतरी जुने! १९२० मध्ये कार्डिफ येथील भाषणात एडिंग्टन यांनी सुचविले की, हायड्रोजनचे चार अणू मिळून हेलियमचा एक अणू बनताना वस्तुमान शेकडा एक भागाहूनही थोडे कमी भरते; ती घट ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते, आणि तेच सूर्याचे इंधन असावे. ताऱ्यांच्या पोटात यासाठी पुरेशी उष्णता नाही, असे टीकाकार म्हणत. एडिंग्टन आपल्या मतावर ठाम राहिले. पुढे १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी या प्रक्रियेचे तपशीलवार गणित मांडले. तारे कशाने तेवतात हे माणसाला कळले, तर ती शक्ती त्याच्या कल्याणाला किंवा नाशाला कारण होईल, हा इशाराही एडिंग्टन यांनी त्याच भाषणात देऊन ठेवला होता.

सामान्य वाचकांसाठी त्यांनी लिहिलेली पुस्तके हजारोंनी वाचली. १९३० मध्ये त्यांना सर ही पदवी व १९३८ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा दुर्मीळ सन्मान मिळाला. केंब्रिजला येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनाही त्यांचे आकर्षण होते. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर याच काळात केंब्रिजला शिकत होते. १९३२ नंतर बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी सापेक्षतेच्या अभ्यासाची परंपरा उभारली.

आता त्या दुसऱ्या प्रसंगाकडे वळू. १९३० च्या जुलैअखेर मुंबईहून एक एकोणीस वर्षांचा मद्रासी विद्यार्थी बोटीने विलायतेला निघाला. त्याचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. प्रवासात त्याने एक गणित मांडले. इंधन संपलेला तारा आकसून श्वेत बटू बनतो. व्याध ताऱ्याचा सोबती हा असाच एक बटू, वजनाने सूर्याएवढा, पण आकाराने पृथ्वीच्या जवळपास. सर्वच तारे अखेरीस असे शांत होतात, अशी समजूत होती. चंद्रशेखर यांच्या गणितातून निघाले की, सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक वस्तुमानाचा तारा श्वेत बटू म्हणून स्थिर राहूच शकत नाही. तो आकसतच जाणार.

पुढे चंद्रशेखर ट्रिनिटीचे फेलो झाले. १९३४ च्या अखेरच्या महिन्यांत एडिंग्टन त्यांच्या खोलीवर वारंवार येत, आकडेमोड कुठवर आली याची आस्थेने विचारपूस करीत. ११ जानेवारी १९३५ रोजी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखर यांनी आपला निबंध वाचला. लगेच पाठोपाठ एडिंग्टन उठले आणि त्या तरुणाच्या गणिताचा पायाच खोटा असल्याचे त्यांनी जाहीर केले. हे खरे मानले तर तारा आकसत आकसत इतका लहान होईल की त्याच्या आकर्षणातून प्रकाशही सुटणार नाही. असा वेडगळ प्रकार निसर्ग घडू देणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सभेत हशा पिकला. उत्तर देण्याची संधीही चंद्रशेखर यांना मिळाली नाही. कित्येक नामवंत भौतिकशास्त्रज्ञांना चंद्रशेखर यांचेच बरोबर वाटत होते; ते खासगीत तसे सांगत, परंतु एडिंग्टन यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाविरुद्ध उघड बोलण्यास कोणी पुढे झाले नाही. चंद्रशेखर १९३७ मध्ये अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले, आपले विचार १९३९ च्या एका ग्रंथात मांडून ठेवले आणि दुसऱ्या विषयाकडे वळले.

निसर्गाने निवाडा दिला तो सावकाश. ज्याला एडिंग्टन यांनी वेडगळ म्हटले, त्यालाच आज आपण कृष्णविवर म्हणतो. १९८३ मध्ये चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १० एप्रिल २०१९ रोजी, प्रिन्सिपच्या ग्रहणानंतर बरोबर शंभराव्या वर्षी, एका दूरच्या दीर्घिकेतील कृष्णविवराच्या छायेचे पहिले चित्र जगाने पाहिले. आणि त्या छायेभोवतीचे तेजोवलय गुरुत्वाकर्षणाने वाकलेल्या प्रकाशाचेच होते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या साऱ्यानंतरही दोघांची मैत्री तुटली नाही. समुद्रापलीकडून पत्रे येत-जात राहिली. एडिंग्टन यांना सायकलीचा मोठा नाद. जितके मैल तितके दिवस, असा त्यांचा गमतीचा हिशेब असे. म्हणजे पन्नास हा आकडा गाठायचा, तर एका दिवसात पन्नास वा अधिक मैलांची रपेट निदान पन्नास वेळा झाली पाहिजे. आपला आकडा किती झाला, हे ते चंद्रशेखर यांना पत्रातून कळवीत. अखेरीस तो ८४ वर पोहोचला होता.

शेवटची वर्षे त्यांनी एका भव्य कल्पनेच्या मागे घालवली. विश्वातील मूळ स्थिरांक प्रयोगावाचून, केवळ तर्काने काढता येतील, असे त्यांना वाटे. विश्वात एकंदर प्रोटॉन किती, याचीही नेमकी संख्या त्यांनी मांडली होती. लहानपणी बायबलातील अक्षरे मोजणारा मुलगाच जणू पुन्हा जागा झाला! परंतु या मार्गाने त्यांच्यामागून फारसे कोणी गेले नाही. कर्करोगाने २२ नोव्हेंबर १९४४ रोजी केंब्रिज येथे, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा आईच्या समाधीतच ठेवण्यात आली. अपुरा राहिलेला ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९८२ मध्ये एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त ट्रिनिटी कॉलेजात स्मृतिव्याख्याने झाली. व्याख्याते होते चंद्रशेखर! भर सभेत ज्यांचा उपहास झाला होता, त्यांनीच एडिंग्टन यांना आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ खगोलभौतिकशास्त्रज्ञ म्हणून गौरविले, आणि चूकही झाकून ठेवली नाही.

विद्यार्थिमित्रहो, १९१९ चे एडिंग्टन आणि १९३५ चे एडिंग्टन हा एकच मनुष्य. पहिल्या वेळी, हा सिद्धांत कोणत्या देशातून आला हे त्यांनी पाहिले नाही. ढगांआडच्या पाच ताऱ्यांना साक्षीला बोलावले आणि त्यांची साक्ष मानली. दुसऱ्या वेळी, निसर्गाने कसे वागावे हे त्यांनी स्वतःच ठरविले. विद्वत्ता दोन्ही वेळी तेवढीच होती; फरक पडला तो ऐकून घेण्याच्या तयारीत. तुमच्यापैकी कोणी उद्या मोठे अधिकारी व्हाल, आणि एखादा लहान मुलगा तुमच्यासमोर भीत भीत वेगळे उत्तर मांडील. त्या वेळी हसण्यापूर्वी त्याचे गणित एकदा तपासून पाहा. आणि तो लहान मुलगा तुम्हीच असाल, तर चंद्रशेखरांप्रमाणे आपले उत्तर नीट लिहून ठेवा, मनात कडवटपणा धरू नका. आम्हां शिक्षकांनीही हा धडा प्रथम स्वतः गिरवावा, हे उत्तम.